रांगेत उभी राहतील अशी नऊ माणसं हवी आहेत

नमस्कार.

आम्ही अंबरनाथ-बदलापूर भागातली नऊ कुटुंबं. प्रत्येक घरात ऑटिझम असलेलं एक मूल आहे. सगळ्यात धाकटी सात वर्षांची, सगळ्यात मोठा पंधराचा. येत्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवार ते गुरुवार, या नऊ जणांना घेऊन आम्ही माथेरानला दोन रात्री राहायला चाललोय. त्याला पैसे कमी पडताहेत आणि माणसं त्याहून जास्त कमी पडताहेत, म्हणून हे आवाहन.

माथेरान ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ. सकाळी डबा घेऊन निघालं तर दिवेलागणीला घरी. अगदी बरोबर. पण आमच्यातली सहा घरं इथे दहा-दहा, बारा-बारा वर्षं राहतात आणि त्यांनी अजून माथेरान पाहिलेलं नाही.

मे महिना आमच्या घरात कसा येतो ते सांगायला हवं. शाळा बंद, थेरपीवाल्या ताई गावाला, बिल्डिंगमधली मुलं गावाला. वर्षभर मिनिटामिनिटाला बांधलेला दिवस एकदम सुटा होतो आणि तो मुलाला झेपत नाही. मराठीत या मुलांना स्वमग्न म्हणतात. शब्द सरकारी कागदावर आहे, त्यामुळे आम्हीही वापरतो, पण आम्हाला तो फारसा पटलेला नाही. स्वतःत मग्न राहता आलं असतं तर बरंच सोपं झालं असतं. यांच्यात बाहेरचं सगळं एकदमच आत शिरतं: ट्यूबलाइटची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, नव्या टी-शर्टचं मानेला टोचणारं लेबल. आपण ज्याच्याकडे सहज काणाडोळा करतो, त्यातलं काहीच यांना बाजूला सारता येत नाही.

मामाचं गाव असतंच की, असं लोक म्हणतात. असतं. पहिल्या वर्षी सगळे हौसेने बोलावतात. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये फोन येतो, की यंदा आमच्याकडे रंगकाम काढलंय. आमच्या गटात या रंगकामावर आता विनोद होतात. कोणाच्या सासरी तीन वर्षं रंगकामच चाललंय.

यात भावंडांची सुट्टी जाते ती वेगळीच. सहलीला येणाऱ्यांत चार भावंडं आहेत. त्यातल्या एका नववीतल्या मुलीला विचारलं, माथेरानला तुला काय करायचंय? ती म्हणाली, काहीच नाही, फक्त दादाच्या हाताला दुसऱ्या कोणीतरी धरलेलं असू दे.

आता मागच्या वर्षीचं सांगते, कारण ते लपवून मदत मागणं बरोबर नाही. मागच्या मे महिन्यात आम्ही पाच कुटुंबं समुद्रकिनाऱ्यालगतच्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. बुकिंग करताना फोनवर सगळं सांगितलं होतं. हो हो मॅडम, काही प्रॉब्लेम नाही. पोचलो तर स्विमिंग पूलच्या कडेला कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागलेला. खोल्या तयार नव्हत्या, पाऊण तास बसा म्हणाले. आठ वर्षांची एक मुलगी कानांवर हात दाबून रिसेप्शनच्या टेबलाखाली शिरली आणि बाहेर येईना. तिची आई टेबलासमोर फरशीवर पालथी पडून तिच्याशी हळू आवाजात बोलत होती, आणि आजूबाजूला लोक मोबाइल धरून उभे. मग दुसऱ्या मुलाचा धीर सुटला, त्याने स्वतःचं मनगट चावलं. रात्री साडेआठला मॅनेजर म्हणाले, बाकीचे गेस्ट तक्रार करताहेत. निघालो. पैसे परत मिळाले नाहीत.

परतीच्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या ड्रायव्हरने मात्र कोणी न सांगता गाणी बंद केली. मागचे लाइट मालवले. आणि घरापर्यंत, घाटातली वळणं सोडली तर, हॉर्न वाजवला नाही. त्या माणसाला कोणी ट्रेनिंग दिलेलं नव्हतं. त्याने आरशातून दोनदा मागे पाहिलं होतं, बस.

दोष सगळा रिसॉर्टचा नव्हता. आम्ही मुलांना सांगितलं होतं, समुद्र बघायला जायचंय. आणि पोचल्यावर पहिलं काय, तर समुद्र नाही, रिसेप्शन. थांबणं. आमच्या मुलांना पुढे काय होणार ते माहीत असेल तर ती बरंच काही सहन करतात. सांगितलं एक आणि घडलं दुसरं, की पायाखालची जमीन सरकते. एवढी साधी गोष्ट आम्हाला, रोज त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांना, प्रवासाच्या गडबडीत आठवली नाही.

म्हणून यंदा माथेरान. तिथे मोटारी नाहीत, हे सगळ्यात मोठं कारण. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि त्यांचे हॉर्नही तिथेच थांबतात. दुसरं कारण मिनी ट्रेन. आमच्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला कल्याणपासून कर्जतपर्यंतची स्टेशनं उलटसुलट पाठ आहेत, आणि आता त्याने पुढची जोडली आहेत: नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. एरवी दिवसभरात चार-पाच शब्द बोलणारा हा मुलगा १९०७ साली ही गाडी सुरू झाली हे पाहुण्यांना दारातच सांगतो. आम्ही खालून वरपर्यंत गाडीने जाणार नाही, तो प्रवास लांब आहे आणि मध्ये बोगद्याचा अंधार आहे. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत, थोडं चालत अमन लॉज, आणि तिथून मिनी ट्रेनच्या शटलने शेवटचं एकच स्टेशन. एवढा वेळ नऊही जण बसू शकतील असा आमचा अंदाज आहे.

तिथे तीसहून अधिक पॉइंट आहेत. आम्ही त्यातला एकही बघणार नाही. आमच्यातली तीन मुलं हात सुटला की धावत सुटतात, आणि माथेरानच्या पॉइंटना कडे आहेत. शार्लोट तलावाकडेही जाणार नाही, कारण पाण्याची ओढ या मुलांना फार असते आणि धोक्याची जाणीव तेवढी नसते. आम्ही लॉजच्या अंगणात राहू, सकाळी लवकर बाजारपेठेतून एक चक्कर मारू, लाल माती उडवू, आणि शटल येताना-जाताना बघायला स्टेशनवर जाऊ. बहुधा बरेचदा.

तर मग रांगेचं काय? शटलचं तिकीट खिडकीवर रांग लावून घ्यावं लागतं, आणि मे महिन्यात ती रांग काय असते ते गेलेल्यांना ठाऊक आहे. अर्धा तास मागेपुढे धक्के खात उभं राहणं, पुढचं माणूस कधी सरकेल याचा नेम नाही. आमच्या मुलांसाठी याहून अवघड जागा शोधून सापडणार नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. आता एकवीस आहेत, त्यात तो आहे, आणि मनोरंजनाच्या हक्कालाही त्यात जागा दिली आहे. पण रांगेत पुढे जाऊ द्या म्हटलं तर लोक मुलाकडे वरपासून खालपर्यंत बघतात. हात आहेत, पाय आहेत, दिसायला गोंडस. मग आई-बापच लबाड ठरतात. लोकलच्या दिव्यांग डब्यात आमच्यातल्या एका बाबांना मुलासकट पुढच्या स्टेशनला उतरायला लावलं होतं. कार्ड खिशात होतं. ते काढेपर्यंत आरडाओरड्याने मुलगा बिथरला आणि बाबाच म्हणाले, उतरतो.

म्हणून आम्हाला वाद घालणारी नव्हे, रांगेत उभी राहणारी माणसं हवी आहेत. नऊ मुलं, नऊ स्वयंसेवक. आम्ही मुलांना घेऊन लांब सावलीत बसू, तुम्ही खिडकीवर उभे राहा. लॉजवर पोचल्यावर नोंदवहीत नावं तुम्ही लिहा. स्वयंपाकघरात जाऊन, वरणाला फोडणी नको, एका पातेल्यात साधं काढून ठेवा, हे आचाऱ्याला तुम्ही सांगा. (एका मुलाला पिवळ्या वरणात मोहरीचा एक दाणा दिसला तरी ताट सरकतं.) माकडं हातातला पुडा हिसकावतात, आणि आमच्यातली एकजण बिस्किटाचा पुडा हातात असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, तेव्हा तिच्या डाव्या बाजूला चालायला कोणीतरी हवं.

वय अठराच्या वर हवं. अनुभव नसला तरी चालेल, खरं तर आम्हाला त्याने फरक पडत नाही. ओळखपत्र आणि आम्हाला माहीत असलेल्या दोन माणसांचा शब्द मात्र लागेल, आणि कोणताही स्वयंसेवक मुलाबरोबर एकटा राहणार नाही, आई किंवा बाबा कायम सोबत असतील. हा नियम सगळ्यांना सारखाच आहे, राग मानू नका. दोन शनिवारी संध्याकाळी आम्ही भेटून काही गोष्टी सांगू. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ, असा हट्ट करायचा नाही. एक वाक्य बोललात की मनात दहा आकडे मोजा, उत्तर आठव्या-नवव्याला येतं. आणि मूल कोसळलं, जमिनीवर पडून ओरडायला लागलं, तर त्याला समजवायला जाऊ नका. बघ्यांकडे तोंड करून, मुलाकडे पाठ करून उभे राहा. एवढ्याने अर्धं काम होतं.

पैशांचा हिशेब असा. नऊ मुलं, चौदा पालक, चार भावंडं, नऊ स्वयंसेवक, मिळून छत्तीस माणसं. एक छोटा लॉज आम्ही आख्खा घेतोय, म्हणजे शेजारच्या खोलीतून तक्रार येणार नाही. जेवणासकट दोन दिवसांचे १,०८,००० रुपये. नेरळ-दस्तुरी टॅक्सी, हमाल, शटल, लोकल मिळून १२,५००. आवाज अडवणारे इअरमफ, चित्रांची कार्डं आणि मनगटावरचे नाव-नंबराचे पट्टे १३,५००. आणि सराव १४,०००. एकूण १,४८,०००. घराघरांतून ८०,००० जमलेत, त्यात तीन घरांना काहीच देता आलेलं नाही आणि ते आम्ही त्यांच्याकडून मागितलेलंही नाही. उरले ६८,०००.

सरावाचे १४,००० बघून दोन-तीन हितचिंतकांनी आधीच विचारलं, की एका सहलीला चार सहली कशाला? तर पहिल्या सरावात फक्त स्टेशनवर जायचं. दुसऱ्यात लोकलने नेरळपर्यंत जाऊन यायचं. तिसऱ्यात टॅक्सीने दस्तुरीपर्यंत चढायचं, अमन लॉजचा फलाट बघायचा आणि शटलमध्ये न बसता परत फिरायचं. घाटातल्या वळणांनी कोणाला उलटी होते ते तेव्हाच कळेल. चौथ्यात इथल्याच एका हॉलमध्ये सगळ्यांनी एक रात्र झोपायचं, घरच्या उश्या-गोधड्या घेऊन. प्रत्येक वेळी फोटो काढायचे आणि त्यांचीच कार्डं करायची: हा फलाट, ही टॅक्सी, हा दादा रांगेत उभा राहणार. मागच्या वर्षी आम्ही याच पैशांची बचत केली होती.

रोख देण्यापेक्षा वस्तू किंवा काम देणार असाल तर आम्हाला जास्त आवडेल. एमआयडीसीत कारखाना असणाऱ्यांनी इअरमफ द्यावेत. कामगारांना देता तेच, पट्टा आत सरकवला की मोठ्या मुलांच्या डोक्याला बसतात, लहानांचे आम्ही विकत आणू. छपाईवाल्यांनी कार्डं लॅमिनेट करून द्यावीत. कडा गोल कापा, टोकदार नकोत, काही जण ती चावतात.

आमचा गट नोंदणीकृत नाही, त्यामुळे देणगीवर आयकरातली ८०जीची सवलत मिळणार नाही. आमच्या नावावर पैसे नकोतच. लॉजचं, टॅक्सीवाल्यांचं किंवा हॉलचं बिल थेट तुम्ही भरा, पावती तुमच्या नावाने घ्या. खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड इथे मुद्दाम दिलेला नाही, फॉरवर्ड होता होता असले कोड बदलले जातात. हा मजकूर ज्यांच्याकडून तुमच्यापर्यंत आला, त्यांनाच कळवा, ते आमच्यापैकी कोणाच्या तरी ओळखीचे आहेत. सहलीनंतर पंधरा दिवसांत पै-पैचा हिशेब याच वाटेने परत येईल. मुलांचे फोटो मात्र येणार नाहीत.

स्वयंसेवकांची नावं मार्चअखेर हवीत. पहिला सराव एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता, बदलापूर स्टेशनवर, कर्जतकडे जाणाऱ्या फलाटावर. त्या दिवशी गाडीत चढायचं नाही. तीन गाड्या जाऊ द्यायच्या आणि घरी यायचं.