रेडिओच्या आठवणी सांगणाऱ्या आजोबांना

ती. स्व. आजोबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उन्हाळ्यात रेडिओच्या आठवणी गोळा करायला तुमच्याकडे आले तेव्हा माझ्याजवळ नुसत्या तारखा होत्या. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत गेली. गाण्यासोबत चित्रपटाचं नाव घेणं म्हणजे जाहिरात, म्हणून नावं गाळली. मग निर्मात्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. २ ऑक्टोबर १९५३ला आपलं पुणे केंद्र सुरू झालं ते अशा दिवसांत. हे सगळं पुस्तकांत मिळतं. घराघरांत त्याचं काय झालं ते मात्र तुम्ही सांगितलंत. म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहिते आहे.

तुमच्या घरात तेव्हा दोन तट होते. वडील खूश, रेडिओवर आता भारदस्त गाणं ऐकू येतं, केसकर स्वतः गाणं शिकलेले आहेत, असं ते आल्यागेल्याला सांगत. तुम्ही भावंडं मात्र ते अंघोळीला गेले की काटा फिरवून रेडिओ सिलोन, म्हणजे सिनेमाची गाणी लावणारं श्रीलंकेचं केंद्र, लावायचात. खरखरीतून सूर लागायचा, मधेच विरायचा, पुन्हा वर यायचा. आठ वाजायला आले की सैगलचं गाणं, आणि ते संपायच्या आत काटा पूर्ववत! बुधवारी रात्री सिलोनवरचा सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’, ऐकायला तुम्ही इराण्याच्या हॉटेलात जाऊन बसायचात. एका चहावर तासभर बसू देणाऱ्या त्या मालकाचे तुम्ही आजही आभार मानता, ते मला फार आवडलं.

आणि मग १९५५ची रामनवमी. सीताकांत लाडांच्या कल्पनेतून गदिमा आणि बाबूजी (सुधीर फडके) यांचं ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून सुरू झालं, वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं. शुक्रवारी सकाळी पावणेनऊला वडील आणि तुम्ही पहिल्यांदाच एका रेडिओपुढे एकत्र बसलात. आई सेटला हार घालायची. ताई वहीत गाणं उतरवून घ्यायची आणि सुटलेल्या ओळींच्या जागा मोकळ्या ठेवायची, शनिवारी-रविवारी तेच गाणं पुन्हा लागलं की भरायला. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे गाणी छप्पन झाली, हे मी वाचलं होतं. पण अधिक मास आला म्हणून ताईला झालेला आनंद कुठल्या पुस्तकात मिळणार होता?

केसकरांचा निर्णय मला अजूनही पटत नाही. लोकांनी काय ऐकावं हे दिल्लीत ठरवायचं कारण नव्हतं. लोक सिलोनकडे वळले ते बरोबरच केलं. पण त्याच काळात केंद्रांनी स्वतःची सुगम गाणी बांधून घेतली, आणि पुण्याच्या वाट्याला त्यातलं सोनं आलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला तुमच्यामुळे उमगलं. पेठेतल्या एका आजींनी ‘मला नाही बाई सिनेमाच्या गाण्यांची आठवण आली’ असं ठामपणे सांगितलं, आणि त्यांच्याच शेजारचे काका सत्तर वर्षांनंतरही रागावलेले होते. मी गोंधळले, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘दोघांचंही लिही. कुणाचं खोडू नकोस.’

गुडघे दुखत असताना तुम्ही माझ्याबरोबर घरोघरी आलात. ओळख नसलेल्या माणसापुढे कुणी एवढं मोकळं होत नाही. तुम्ही शेजारी बसलात म्हणून सगळे बोलले. ताईंची वही आणि पोस्टात काढलेला रेडिओचा परवाना तुम्ही माझ्या हाती दिलात, तोही पावती-बिवती न मागता. दोन्ही जपून ठेवले आहेत.

रविवारी दोन्ही परत घेऊन येते, सोबत मोठ्या अक्षरांत छापलेली आठवणींची पानं. चुकलं असेल तिथे लाल पेनाने खुणा करा. आणि १९५७च्या ऑक्टोबरात सिनेमाची गाणी घेऊन आकाशवाणीचीच विविध भारती आली तेव्हा वडील काय म्हणाले, ते मागच्या वेळी सांगायचं राहिलं आहे.

तुमची,
रेडिओवाली मुलगी