नववीच्या वर्गाला जाण्याआधी

बाय,

रविवारी तू फोन कट केलास तेव्हा कुकरची शिट्टी होत होती, म्हणून मी लगेच परत लावला नाही. नंतर लावला तर तू उचलला नाहीस. पप्पा म्हणाले, लिही तिला, लिहिताना तरी समोरच्याला बोलायला अवकाश मिळतो. टोमणा होता, पण बरोबर होता.

मी एवढंच विचारलं होतं की तुझं तुलाच पटत नसेल तर धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायला हो कशाला म्हटलंस. तसं विचारायला नको होतं. त्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. फक्त शिकवण्याबद्दल लिहिते. बावीस वर्षं नववी-दहावीचे वर्ग घेतलेत, तेवढा हक्क असेल.

तुमच्या फादरांनी सांगितलं की फक्त बेसिक शिकव. बेसिकच सगळ्यात अवघड असतं गं. 1992चं ते जाडजूड कॅटेकिझम, चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, तुला माहीतच आहे, आपल्या कपाटात वरच्या फळीवर आहे. चार भाग आहेत त्याचे. आपण काय मानतो, उपासना कशी करतो, वागायचं कसं आणि प्रार्थना कशी करायची. पण क्रमाने जाऊ नकोस. मी पहिल्या वर्षी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि पावसाळा संपेपर्यंत वर्गात सहा मुलं उरली. त्यातली दोघं सिस्टरांची भाचरं होती, त्यांना पळताच येत नव्हतं. मी तर म्हणेन मिस्सापासूनच, रविवारच्या उपासनेपासूनच सुरुवात कर. दर रविवारी जे डोळ्यांनी बघतात आणि ज्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो, तिथून. आधी वचनं वाचतात, मग भाकर आणि द्राक्षारस, हा क्रम का? मधेच एकमेकांना शांती का देतात? एवढ्यावर दोन रविवार जातात. सात संस्कार त्यातूनच निघतात, वेगळी यादी पाठ करून घ्यावी लागत नाही.

कुणी म्हणालं की मिस्सात झोप येते, तर रागावू नकोस. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांतल्या युतुखची गोष्ट सांग. पौल रात्री उशिरापर्यंत बोलत राहिला आणि हा पोरगा खिडकीत बसल्या बसल्या झोपून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. माझ्या वर्गात ही गोष्ट दर वर्षी चालायची. (उचलला तेव्हा मेलेलाच होता, पौलाने जिवंत केला, हेही सांग. मी एकदा विसरले आणि एका मुलीने घरी जाऊन रडारड केली.)

दोन चुका माझ्याकडून झाल्या, त्या तू करू नकोस. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावताना बर्फ, पाणी, वाफ सांगू नकोस. मला माझ्या शाळेत तेच सांगितलं होतं आणि मी तेच पुढे ढकललं. अकरा वर्षांनी एका तरुण फादरांनी हळूच बाजूला घेऊन सांगितलं, बाई, हे तर सबेलियस नावाच्या एकाचं मत, चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारलेलं. एकच पाणी कधी बर्फ होतं, कधी वाफ, पण पिता कधी पुत्र होत नाही. तिघे एकाच वेळी आहेत, एकमेकांवर प्रेम करत. मला इतकी लाज वाटली की त्या अकरा वर्षांतल्या मुलांना पत्रं पाठवावीत असं मनात आलं. दुसरी चूक निष्कलंक गर्भसंभवाची. तो येशूच्या जन्माबद्दल नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच मूळ पापापासून मुक्त होती, हा त्याचा अर्थ. पोपनी तो 1854 साली जाहीर केला. आपल्या गावात अर्धी माणसं अजून घोळ घालतात, तुझी आत्याही. तिला सांगायला जाऊ नकोस.

आणि एक बिस्किटांचा रिकामा डबा ठेव. त्यात चिठ्ठ्या, नाव न घालता. तोंडावर कोणी काही विचारत नाही त्या वयात. चिठ्ठीत मात्र सगळं येतं. देवाला कोणी बनवलं. बिग बँग खरा की बायबलमधली उत्पत्ती खरी. तेव्हा फादर लमेत्रचं नाव घे. तो बेल्जियमचा धर्मगुरू, विश्व एका बिंदूपासून पसरत आलं ही कल्पना त्यानेच 1931 साली मांडली. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर पोलिसांना सांगतात का, ही चिठ्ठी मला तीनदा आली. नाही सांगू शकत, सांगितलं तर तो धर्मगुरू तिथल्या तिथे बहिष्कृत होतो.

आणि एक चिठ्ठी नक्की येणार: माझी मैत्रीण हिंदू आहे, ती नरकात जाईल का. ही टाळू नकोस. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, जगभरच्या बिशपांच्या सभेने, स्पष्ट लिहून ठेवलंय, ज्यांना स्वतःचा दोष नसताना ख्रिस्त कळला नाही आणि जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. 1965 सालचं इतर धर्मांबद्दलचं निवेदनही वाच, दोन-चार पानांचंच आहे. निर्मळच्या जत्रेला आपण कुणाच्या घरी जेवायचो ते आठव. त्या काकूंना नरकात पाठवणारा देव मी शिकवला नसता.

वर्गाचं दार उघडं ठेव. एखाद्या मुलाला एकटं थांबवून घेऊ नकोस, बोलायचंच असेल तर व्हरांड्यात. ते मिस्सानंतर उपाशी येतात, चिक्की ने.

आपल्या गोन्सालो गार्सियाबद्दल सांग. पुण्यातल्या मुलांना वसईचा संत माहीत नसेल. सगळे नागासाकीचा क्रूस सांगतात, 1597 साली सव्वीस जणांना मारलं, त्यात तो होता. मला त्याचा आधीचा भाग जास्त आवडतो. जपानमध्ये तो कित्येक वर्षं येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षकच होता. त्यांच्यात घेतील अशी आशा होती, त्यांनी घेतलं नाही. मग तो व्यापारात पडला, चांगला जम बसला, आणि शेवटी मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात गेला. नकार मिळालेला धर्मशिक्षक आहे तो. आणि नवा कार्लो अकुटिस आहेच, 2025च्या सप्टेंबरमध्ये संत झालेला, जीन्स आणि कॉम्प्युटरवाला. मुलांना आवडतो. पण सगळा भार त्याच्यावर टाकू नकोस, तो पंधराव्या वर्षी गेला, आणि तुझ्या वर्गातली मुलं साधारण त्याच वयाची.

हे लिहिलं आणि हात थांबला. तुला कळलं असेल का.

आता विचारतेच. एखाद्या पोराने उभं राहून म्हटलं, टीचर, तुमचा आहे का विश्वास, तर तू काय सांगशील? बघ, नाही नाही म्हणता तिथेच आले. पण मी चार रात्री हाच विचार करते आहे. तू खोटं बोलू शकत नाहीस, लहानपणीही नाही, आजीच्या सांदणांचं ताट तू संपवलंस हे कुणी न विचारताच सांगितलं होतंस. आणि वर्गात खरं बोललीस तर? ती मुलं घरी जाऊन सांगतील. फादर बोलावतील. मला लोकांची भीती नाही, अगदीच नाही असंही नाही, पण ती मोठी नाही. भीती अशी आहे की तू एकदा मोठ्याने ‘नाही’ म्हटलंस तर तेच खरं धरून बसशील. तुझा स्वभाव आहे तो.

दादाच्या त्या पावसाळ्यानंतर तू मागच्या बाकावर बसायला लागलीस. मी बघत होते. कम्युनियनला, पवित्र भाकर घ्यायला, सगळी रांग पुढे जायची आणि तू पाय बाजूला घेऊन वाट द्यायचीस. मी एकदाही विचारलं नाही. तू समजत असशील, मम्मी रागावली आहे.

बाय, त्या दोन वर्षांत मीही घरी रोझरी म्हटली नाही. तुम्ही सगळे गुडघ्यांवर असायचात आणि मी ओठ हलवायचे. दर रविवारी मात्र वर्ग घेत होते, दृढीकरणाच्या संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना पवित्र आत्म्याची सात दानं फळ्यावर लिहून देत होते. फादरांना सांगितलं होतं, त्या एकट्यांनाच. ते म्हणाले, बाई, सोडू नका, आणि वर्गात जे म्हणवत नाही ते म्हणू नका. बस, एवढंच. मला तेव्हा राग आला होता. मला वाटलं होतं ते निदान बायबलमधलं काहीतरी सांगतील.

नंतर योहानाच्या शुभवर्तमानात माझं मीच शोधलं. येशू मेलेल्यांतून उठला हे ऐकून त्याचा शिष्य थॉमा म्हणाला, बघितल्याशिवाय मानणार नाही. त्यानंतर आठ दिवसांनी येशू पुन्हा आला तेव्हा थॉमा त्याच खोलीत होता, बाकीच्यांबरोबर. त्या आठ दिवसांत तो निघून गेला नाही आणि त्यांनी त्याला हाकललंही नाही. मला स्पर्शाच्या गोष्टीपेक्षा ते आठ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. काय बोलत असतील ते जेवताना?

आणि आणखी एक. निसेआच्या परिषदेत 325 साली विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याचा मजकूर, लिहिला तेव्हा त्यात ‘मी’ नव्हतं, ‘आम्ही विश्वास ठेवतो’ असं होतं. ‘मी’ आपण नंतर म्हणायला लागलो. कुणी विचारलंच तर हे सांगता येईल तुला, खोटं न बोलता. सांगच असं मी म्हणत नाही. पुन्हा उपदेश झाला. माफ कर.

पप्पांना तुझा अभिमान वाटतो. ते बोलत नाहीत, पण काल दुधवाल्याला सांगत होते की आमची मुलगी पुण्यात धर्मशिक्षण देते. दुधवाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्याने अर्धा लिटर जास्त दिलं.

पार्सलमध्ये सुका जवळा आहे, नीट बांधलाय, तरी वास येईल. वेलचीची केळी कच्ची आहेत, लगेच खाऊ नकोस. खाली माझी निळी वही आहे, बावीस वर्षांची. काही पानांवर मी काट मारली आहे, ती बर्फ-पाण्याची. मधली काही पानं कोरी आहेत, ती दादाच्या नंतरची. तिथे तुझ्या मुलांच्या चिठ्ठ्या चिकटव.

वर्ग किती वाजता सुटतो ते कळव. त्याआधी फोन करणार नाही.

तुझी,
मम्मी