रिबन हेडफोन आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर: आधी लोड जुळवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उंची ध्वनिसाधनांविषयी अलीकडे बरेच छापून येते. व्हॉल्व्ह (निर्वात नळी) कोणत्या कंपनीचा, आवाज किती ऊबदार, याची वर्णने रसभरीत असतात. रिबन हेडफोन व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना ज्या गोष्टीवर सगळे अवलंबून असते ती मात्र बहुधा गाळली जाते: अ‍ॅम्प्लिफायरला नेमका किती ओमचा लोड, म्हणजे पुढे जोडलेल्या साधनाचा रोध, दिसतो. महागडा संच घेऊनही आवाज पातळ का येतो, रिबन का तुटते, व्हॉल्व्हला लोडशी जुळवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर का जळतो, याची कारणे बव्हंशी तिथेच सापडतात.

खरी रिबन म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये बसवलेली, काही मायक्रॉन जाडीची, चुण्या पाडलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. प्रवाह तिच्यातूनच जातो आणि हवा हलवतेही तीच. प्लेनर मॅग्नेटिक हेडफोन वेगळे. त्यांच्या पडद्यावर वाहकाची लांबलचक नागमोडी रेघ असते, रोध दहा-वीस ओम किंवा त्याहून जास्त असतो आणि ते चांगल्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरवर सरळ चालतात. रिबनचा रोध एका ओमचाही छोटा अंश असतो. इथे हिशेबासाठी 0.2 ओम धरतो. प्रत्यक्षात निर्मात्याने दिलेला आकडाच घ्यावा. साध्या मल्टिमीटरने तो मोजण्यात अर्थ नाही, कारण मीटरच्या वायरींचाच रोध तेवढा भरतो. नेहमीच्या हेडफोन सॉकेटच्या दृष्टीने 0.2 ओम म्हणजे शॉर्ट सर्किटच, तेव्हा तिथे रिबन कधीही लावू नये.

मग जोडायचे कसे? पहिला मार्ग रेझिस्टरच्या पेटीचा. राल-रिक्विझिटचा एसआर-वन-ए हा हेडफोन अशाच पेटीतून स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचा म्हणून बाजारात आला. पेटीतला रोध आणि रिबन मिळून समजा 5 ओम झाले, तर रिबनच्या वाट्याला शक्तीचा पंचविसावा भाग येतो. उरलेली 96 टक्के पेटीत उष्णता होऊन जाते. 100 वॉटच्या पुश-पुल (व्हॉल्व्ह जोडीने काम करणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरला हे परवडते. 300बी व्हॉल्व्हच्या 8 वॉटच्या सिंगल-एंडेड (एकट्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरला नाही, कारण रिबनपर्यंत जेमतेम 0.32 वॉट पोचतो. त्यातच कानाभोवती बंदिस्त कप नसलेल्या रिबनला खर्ज उचलून द्यावा लागतो, आणि 6 डेसिबल उचलायचे तर शक्ती चौपट लागते. आवाज पातळ आणि ओढल्यासारखा येतो त्याचे हे कारण. तो दोष व्हॉल्व्हच्या माथी मारून लोक नवे व्हॉल्व्ह घेतात.

छोट्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी मार्ग एकच, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. रोधाचे गुणोत्तर वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते. 8 ओमच्या टॅपवर (आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या 4, 8 अशा ओमांसाठी काढलेल्या टोकांपैकी एकावर) 0.2 ओमची रिबन लावायची तर रोधाचे गुणोत्तर 40, म्हणून वेढ्यांचे सुमारे 6.3 : 1. इथे केबल विसरू नका. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची दोन मीटर केबल जाऊन-येऊन चार मीटर होते आणि तिचा रोध सुमारे 0.046 ओम. एरवी हा आकडा कुणी विचारात घेणार नाही, पण 0.2 ओमच्या रिबनपुढे तो जवळजवळ पावपट आहे. अ‍ॅम्प्लिफायरला आता 8 ऐवजी 10 ओमच्या आसपास लोड दिसतो आणि शक्तीचा पाचवा हिस्सा केबलच खाते. म्हणून ट्रान्सफॉर्मर हेडफोनच्या जवळ ठेवावा आणि लांब केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूला घ्यावी. रिबनच्या बाजूचा प्रत्येक सांधा सोल्डरचा किंवा घट्ट स्क्रूचा हवा. तिथे ढिला प्लग अजिबात चालत नाही.

ट्रान्सफॉर्मर घेताना प्रायमरीचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडच्या वेढ्यांचा, इंडक्टन्स जरूर विचारा. तो कमी पडला तर खर्ज उतरतो. फीडबॅक नसलेल्या सिंगल-एंडेड अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट रोध 3 ओम धरला तर 8 ओमच्या लोडशी समांतर तो 2.2 ओम होतो. आवाज 5 हर्ट्झला 3 डेसिबलने उतरावा, म्हणजे 20 हर्ट्झ शाबूत राहील, असे वाटत असेल तर सुमारे 70 मिलिहेन्री लागतात. विक्रेता हा आकडा देत नसेल तर तो ट्रान्सफॉर्मर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डॅम्पिंग फॅक्टरची (लोडचा रोध भागिले आउटपुट रोध) काळजी मात्र अनाठायी आहे. रिबनचा रोध सगळ्या वारंवारतांना जवळजवळ सारखा राहतो, त्यामुळे आउटपुट रोध थोडा जास्त असला तरी स्वर डोंगर-दरीसारखा वरखाली होत नाही.

टॅप निवडताना कानाच्या आधी हिशेब करावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर 3500 ओमचे 8 ओम करणारा असेल आणि लोड 6 ओमचा असेल, तर 8 च्या टॅपवर व्हॉल्व्हला 2625 ओम दिसतात आणि 4 च्या टॅपवर 5250. पहिल्या जोडणीत शक्ती थोडी जास्त पण विकृतीही जास्त. दुसरीत शक्ती कमी, पण आवाज स्वच्छ. हेडफोनला हवी तेवढी शक्ती मिळत असेल तर 4 चाच टॅप घ्यावा.

आता बायस, म्हणजे सिग्नल नसताना व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा याची मांडणी. समजा फिक्स्ड बायसचा (म्हणजे बायस हाताने लावायचा) ईएल34 व्हॉल्व्ह आहे आणि प्लेटवर, म्हणजे त्याच्या धन टोकावर, 400 व्होल्ट आहेत. प्लेटची मर्यादा 25 वॉट. तिच्या 65 टक्क्यांवर, म्हणजे 16 वॉटवर चालवायचे तर प्रवाह 40 मिलिअँपियर. कॅथोडखाली (ऋण टोकाखाली) 10 ओमचा रेझिस्टर असेल तर त्यावर 0.4 व्होल्ट दिसले पाहिजेत. त्यात स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या एका जाळीचा) थोडा प्रवाहही मोजला जातो, तेवढी सवलत धरावी. बायस अ‍ॅम्प्लिफायर अर्धा तास तापल्यावर लावावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. पुश-पुल जोडीत दोन-तीन मिलिअँपियरपेक्षा जास्त फरक ठेवू नये. त्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात फट नसते, थोड्याशा एकदिश प्रवाहानेही (डीसी) तो एकीकडे कलतो आणि खर्ज लवकर फाटतो. रेक्टिफायर (उलटसुलट प्रवाह एकदिश करणारा व्हॉल्व्ह) बदलला तर बायस पुन्हा लावणे भागच आहे. जीझेड34 च्या जागी 5यू4जी घातला की व्होल्टेज उतरते, शिवाय त्याच्या फिलामेंटला 1.9 ऐवजी 3 अँपियर लागतात. मेन ट्रान्सफॉर्मरला ते पेलते का, हे आधी पाहावे.

हेडफोन कानाला लागून असल्याने स्पीकरवर न जाणवणारी गुणगुणही ऐकू येते. 50 हर्ट्झच्या विजेवर जाड, खालच्या सुराची घरघर आली तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्यात, हीटरमध्ये किंवा मेन ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकक्षेत्रात असतो. त्याहून एक सप्तक वरची, 100 हर्ट्झची असेल तर फिल्टरचे कपॅसिटर तपासा. चुंबकक्षेत्राची परीक्षा सोपी आहे: अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून हेडफोनचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर सावकाश नव्वद अंशांत फिरवा. एका कोनात गुणगुण जवळपास नाहीशी होते. तो कोन साधून तिथेच पक्का करा. आवाजाची कळ सुरुवातीच्या थोड्याशा फिरण्यातच पुरत असेल तर गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, जास्त आहे. त्या टोकाला कळीच्या पोटेंशियोमीटरच्या (बदलत्या रेझिस्टरच्या) दोन बाजू जुळत नाहीत आणि आवाज एका कानाकडे सरकतो. इनपुटला 10 डेसिबलचा कायमचा अटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावावा.

सर्वांत गंभीर मुद्दा बिनलोडचा. ट्रान्सफॉर्मरची जोडणी असेल आणि गाणे चालू असताना हेडफोन उपसला, तर पेंटोड (ईएल34 सारख्या) व्हॉल्व्हच्या प्लेटवर पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळते. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटते. टॅपवर कायमचा 100 ते 220 ओमचा, 5 वॉटचा रेझिस्टर ठेवला तर धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून आधी आवाज शून्यावर, मगच हेडफोनच्या प्लगला हात.

एकदिश प्रवाहाला रिबन अजिबात सोसत नाही. 50 मिलिव्होल्टही 0.2 ओममधून 0.25 अँपियर पाठवतात आणि पट्टी एका बाजूला ओढली जाऊन ताणून राहते. म्हणून नवा किंवा दुरुस्त झालेला अ‍ॅम्प्लिफायर आधी 8 ओम, 50 वॉटच्या डमी लोडवर (हेडफोनऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) तपासावा. आउटपुटवर डीसी शून्य हवा, आणि ऑसिलोस्कोपवर कानाला न कळणारे उच्च वारंवारतेचे दोलन दिसता कामा नये. ते रिबन गरम करते आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चालू करताना मिनिटभर व्हॉल्व्ह तापू द्यावे, मगच हेडफोन लावावा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आत हात घालण्याआधी विजेचा प्लग काढा आणि कपॅसिटरमधला साठलेला भार उतरवा. 10 किलो-ओम, 10 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने, एकच हात वापरून, 200 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर दहा सेकंद धरला तर 400 व्होल्टचे 3 व्होल्टच्या आत येतात. नंतर मीटरने खात्री करा. वीज काढली म्हणजे व्होल्टेज गेले, हा समज जिवावर बेततो.

रिबनचे चुंबक जोरदार असते. ज्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायरच्या चॅसिसला (सांगाड्याला) भोके पाडली तिथे हेडफोन ठेवू नका. लोखंडाचा कीस फटीत शिरला की निघत नाही आणि पट्टीला घासत राहतो. फुंकर मारून धूळ काढणे तर मुळीच नको, त्या वाऱ्याने रिबन जागची सरकते.

आपल्या पुरवणीत अशा साधनांची परीक्षणे छापताना लोडचा रोध, टॅप, केबलचा रोध आणि रिबनपर्यंत पोचणारी शक्ती हे चार आकडे परीक्षकाकडून जरूर मागून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक ध्वनितंत्रज्ञ वाचक