सूर्योदय-सूर्यास्तासोबत मध्यान्हाची वेळ पण छापा

मा. संपादक, स.न.

पीएम सूर्यघर योजनेमुळे सध्या जिकडे तिकडे गच्चीवर सोलर बसतंय, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी म्हटल्यावर लोक बसवणारच आणि ते चांगलंच आहे. पण एक गोष्ट बघून राहवत नाही म्हणून लिहितोय. पॅनलचं तोंड दक्षिणेला पाहिजे हे सगळ्यांना माहितीये, पण दक्षिण बघतात कशी तर फिटिंगवाला मोबाईल काढतो, कंपास अ‍ॅप उघडतो आणि मोबाईल ठेवतो पॅनलच्याच जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी अँगलवर! शेजारी लोखंडी शिडी, खाली स्लॅबमधे सळई, कव्हरला मॅग्नेट. चार पावलं सरकून परत बघा, सुई भलतीकडेच गेलेली असते.

काही जण यूट्यूब बघून सांगतात की चुंबकीय दक्षिण आणि खरी दक्षिण वेगळी, तेवढे अंश धरून दुरुस्ती करा. न्यू जर्सीत हा फरक १२-१३ अंश आहे, तिथल्या आपल्या लोकांना ते करावंच लागतं, पण महाराष्ट्रात तो जेमतेम अंशभर, त्याची काळजीच नको. आपल्याकडे घोळ होतो तो लोखंडाने आणि दुसरा घड्याळाने.

घड्याळाने असं की जुने मिस्त्री सावलीवरून दिशा काढतात, ओळंबा टांगायचा आणि भर दुपारी दोऱ्याची सावली पडेल ती उत्तर-दक्षिण रेघ. पद्धत एकदम बरोबर आहे, पण भर दुपार म्हणजे १२ नव्हे ना! आपली घड्याळं ८२.५ रेखांशावर, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या बाजूला लावलेली, पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे इथे सूर्य मध्यावर यायला, म्हणजे खरं मध्यान्ह व्हायला सरासरी १२:३५ होतात, नागपूरला १२:१४. ते पण रोज सारखं नाही, पुण्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८ आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९. मुंबईत फेब्रुवारीत १२ च्या ठोक्याला रेघ मारली तर ती २० अंशांपेक्षा जास्त तिरकी येते.

आता आपल्याकडे पॅनल कमी उताराचे असतात, त्यामुळे तेवढ्या चुकीने वर्षाचे युनिट एखाद-दोन टक्केच कमी होतात, हे खरंय. पण टाकीची नि लिफ्टरूमची सावली कुठून कुठे फिरणार हा अंदाज याच रेघेवरून बांधतात आणि तो चुकून पॅनलवर सावली आली की युनिट धडाधड उतरतात. पॉलिहाऊसचं, म्हणजे शेतातल्या प्लास्टिकच्या छपराच्या शेडचं तर अजून अवघड, तिथे गटर, म्हणजे छपराच्या पाण्याची पन्हळ दक्षिण-उत्तर धरतात म्हणजे तिची सावली दिवसभर सरकत राहते, पिकाच्या एकाच बेडवर बसून राहत नाही, आणि एकदा पाइप काँक्रीटमधे गाडले की मग ते कोण फिरवणार?

म्हणून विनंती अशी की तुम्ही रोज सूर्योदय-सूर्यास्त छापताच, त्याच चौकटीत मध्यान्हाची वेळ द्या, प्रत्येक आवृत्तीत त्या त्या शहराची. वेगळी माहिती मागवायला नको, त्या दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ काढायची. पुण्यात सूर्योदय ६:३५ आणि सूर्यास्त संध्याकाळी ६:०१ असेल तर मध्यान्ह १२:१८, झालं. तुमचा पेपर गावोगाव जातो, मिस्त्रीच्या, शेतकऱ्याच्या हातात ती वेळ आयती पडेल.

फक्त मे-जूनमधे आणि जुलैअखेरपर्यंत सावलीच्या भानगडीत पडू नये, सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या, वर्षातल्या दोन शून्य सावलीच्या दिवसांच्या आसपास दुपारी सावली जवळजवळ नसतेच आणि दोन शून्य सावल्यांच्या मधल्या काळात ती उलटी दक्षिणेला पडते. तेव्हा आभाळ मोकळं असेल त्या रात्री दोन ओळंबे टांगा आणि ध्रुवतारा दोन्ही दोऱ्यांच्या एका रेषेत धरा, तो खऱ्या उत्तरेपासून पाऊण अंश पण लांब नाही. डिसेंबरात मात्र दुपारची सावलीच बघा, चांगली लांब पडते.

– एक वाचक, तळेगाव दाभाडे