स्केट्सची लेस सैल पडते, याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इनलाइन स्केट्स बदलून मिळण्याबाबत

महोदय,

दिवाळीत मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीसाठी तुमच्या कंपनीचे इनलाइन स्केट्स ३,८०० रुपयांना घेतले. ती जळगावात मेहरूण तलावाकडे पहाटे सराव करते. लेस कितीही आवळली तरी दोन-तीन फेऱ्यांत घोट्यापाशी सैल पडते, टाच बुटात वर उचलते आणि पाय आत वाकतो. मागच्या रविवारी ती वळणावर पडली. मनगट अजून सुजलेले आहे.

फोनवर तुमच्याकडून उत्तर मिळाले, "गाठ नीट मारा." याचे मला फार वाईट वाटले. गाठ सुटतच नाही. पहिला पीळ आणि वरची सुरगाठ आम्ही उलटसुलट दिशेने घेतो, त्यामुळे फूल बुटावर आडवे बसते. दोन्ही एकाच दिशेने घेतले की ते उभे फिरते आणि सुटते, हे मुलीलाही माहीत आहे. सरकते ती गाठीखालची लेस. बोटांकडून एकेक आडवा पट्टा ओढत वर यावे, तोवर खालचा ढिला झालेला असतो. घोट्याच्या वळणावर दुहेरी पीळ दिला, शेवटच्या दोन भोकांत फासा करून त्यातून लेस ओवली, टाच जखडली. तेवढ्यापुरते टिकते.

माझे वडील रावेरकडचे, जन्म केळीच्या बागेत गेला. लेस बोटांत फिरवून ते म्हणाले, "ही नायलॉनच्या दोरीसारखी आहे. सुतळी धरते तशी ही धरायची नाही." तुमची लेस गोल आणि गुळगुळीत पॉलिस्टरची आहे. मी बाजारातून चपटी सुती लेस आणली, तिला मेण चोळले आणि ओवली, तर तासभर जागची हलली नाही. पण आठ दिवसांत ती तुटली, कारण डाव्या बुटाच्या तिसऱ्या भोकाच्या कडीला धार आहे. बोट फिरवले तरी कळते. फोटो सोबत जोडले आहेत.

पंधरा दिवसांत जोड बदलून द्यावा आणि त्यासोबत मेण लावलेली चपटी लेस द्यावी. अन्यथा मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. तोवर मुलगी जुन्या, बोटांना आखूड झालेल्या स्केट्सवर सराव करते आहे.

आपली,
एक ग्राहक, जळगाव