मनू, डावा हेडलाइट एवढा नवा कसा?

प्रिय मनू,

तू घ्यायचं म्हणतेयस त्या सेकंडहँड गाडीचे काल रात्री पाठवलेले फोटो बघितले. बाबांनी पहिले तीन बघून "मस्त आहे, घेऊन टाक म्हणावं" असं म्हणून फोन परत दिला, मी मात्र चष्मा लावून एकेक झूम करत बसले. सकाळी फोन करणार होते पण तू कामात असणार आणि मी बोलताना निम्मं विसरणार, म्हणून लिहूनच काढते. लांबेल, पण ॲडव्हान्स द्यायच्या आधी पूर्ण वाच.

समोरून काढलेला फोटो उघड. उजवा हेडलाइट पिवळट झालाय, धुरकट, वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा होतो तसा. आणि डावा बघ, लख्ख. दोघं एकाच दिवशी कंपनीतून निघाले असते तर दोघं सारखेच म्हातारे झाले असते ना? म्हणजे डावा बदललाय. आता बदलला तर बदलला, त्यात काही पाप नाही. पण तो विकणारा माणूस तुला आधी म्हणाला गाडीला काही झालेलंच नाही, मग म्हणाला बंपर जरासा घासला होता, आणि परवा तू खोदून विचारल्यावर "समोरून थोडी लागली होती पण सगळं करून घेतलंय." दर वेळी अपघात थोडा मोठा होतोय. मला हेडलाइटपेक्षा हे जास्त खटकलं.

तू विचारलंस, "आई, ॲक्सिडेंट झालेली गाडी घ्यावी की नाही?" तर मी आधी सरळ नाहीच म्हणणार होते, टाइपसुद्धा केलं होतं. मग आठवलं की आपल्या दारात उभी आहे ती गाडीपण ॲक्सिडेंटवालीच आहे की! सिग्नलला मागून एकाने ठोकली होती आठवतंय का, बंपर गेला, डिकीचा दरवाजा बदलला, मागचा एक सेन्सर बदलला. पण आतल्या पत्र्याला काही नव्हतं, गॅरेजवाल्याने मॅट उचलून स्पेअर टायरची जागा दाखवली होती मला, एक सुरकुती नव्हती. फोटो, बिलं, क्लेमचे कागद सगळं फाइलला लावून ठेवलंय. उद्या ती कोणी विकत घेतली तर त्याचं काही नुकसान होणार नाही, आणि तरी नियमाने बघितलं तर तिच्या नावावर अपघात आहेच. तेव्हा नुसतं "अपघात झालाय का" विचारून काही कळत नाही. मार कुठे बसला, किती आत गेला आणि कोणी कसा नीट केला, हे कळलं पाहिजे.

बंपर, फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), दरवाजे, बोनेट, डिकी हे सगळं बोल्टने लावलेलं असतं, खराब झालं की काढायचं नवीन लावायचं. पण त्याच्या आत वेल्डिंग केलेला सांगाडा असतो, पुढून इंजिनाच्या दोन बाजूंनी जाणारे दोन लांब रेल, सस्पेन्शन जिथे वर टेकतं ते टॉवर, छताला धरून ठेवणारे पिलर. तिथे मार गेला की ती गोष्ट वेगळी. पूर्वी लोकांना वाटायचं गाडी जितकी ठणठणीत कडक तितकी सुरक्षित (आजोबा तर शेवटपर्यंत हेच म्हणायचे, हल्लीच्या गाड्या म्हणजे डबे). पण गाडी चेपलीच नाही तर सगळा धक्का आतल्या माणसाला बसतो. बेला बारेन्यी नावाचे एक इंजिनिअर होते मर्सिडीजमध्ये, त्यांनी ही कल्पना मांडली की पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा ठेवायचा आणि मधली माणसांची खोली कडक ठेवायची. 1952 साली पेटंट मिळालं, आणि 1959 पासून तशा गाड्या रस्त्यावर आल्या. आज जवळपास सगळ्या गाड्या याच हिशोबाने बनतात. आता मुद्दा असा की तो पुढचा भाग एकदाच चेपायला बनवलेला असतो, ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने. एकदा घडी पडलेला रेल कोणी गॅस मारून तापवून, ठोकून सरळ केला की दिसायला सरळ दिसतो, पण हल्लीचं हाय स्ट्रेंग्थ स्टील तापवलं की त्याची ताकद जाते. पुढच्या वेळी तो कुठे वाकेल, कसा वाकेल, कोणी सांगू शकत नाही. आणि हे कुठलीही टेस्ट ड्राइव्ह तुला दाखवणार नाही, ते दुसऱ्या अपघातातच कळतं.

तुला आपली जुनी पांढरी गाडी आठवत असेल. तू मागच्या सीटवर पाय हलवत बसायचीस आणि सारखी म्हणायचीस, खालचं कार्पेट ओलं आहे, सॉक्स भिजले. आम्हाला वाटायचं तूच पाण्याची बाटली सांडतेस, दोनदा ओरडलेय मी त्यावरून. ती गाडी आम्ही सेकंडहँडच घेतली होती, विकणाऱ्याने काही सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं, रंग चकाचक होता, सीट कव्हर नवीन, अजून काय बघायचं असतं! मग वर्षभरात पुढचे दोन टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत झाले, बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत. बाबा अलाइनमेंट करून आणायचे, दोन महिन्यांत परत तेच. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा उजवीकडे धरून ठेवायला लागायचं, त्याचीही सवय होऊन गेली होती. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, बॅटरी मारली आणि मला खाली बोलावून रेलवर बोट ठेवलं. गंज लागू नये म्हणून खालून मारतात त्या काळ्या अंडरकोटिंगच्या थराखाली एक आडवी घडी, कागदाची घडी परत उलगडल्यावर राहते तशी, आणि शेजारी वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे. पाणी कुठून मुरत होतं तेही तिथेच दिसलं, जोडावर फट बुजवायला लावतात ते सीलंटच नीट भरलं नव्हतं. मला त्या क्षणी गाडीचा राग नाही आला, तू त्या गाडीत दोन वर्षं मागे बसत होतीस एवढंच डोक्यात आलं.

म्हणून सांगते, तुझ्या त्या गाडीचा बोनेट उघडून काढलेला फोटो आहे ना, त्यात डाव्या फेंडरच्या वरच्या कडेला जे बोल्ट दिसतायत ते झूम कर. एका बोल्टच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालाय, आतला धातू चमकतोय. बहुतेक गाड्यांत हे बोल्ट बॉडीबरोबरच रंगवलेले असतात, पाना लागला की कोपरे उडतात. उजवीकडचे जसेच्या तसे आहेत. म्हणजे डावा फेंडर खोललाय किंवा बदललाय. हेडलाइट अधिक फेंडर, इथपर्यंत मी घाबरत नाही. त्याच्या आत काय झालं ते बघायचंय.

प्रत्यक्ष जाशील तेव्हा दिवसा जा, गाडी धुतलेली आणि कोरडी असू दे, ओल्या गाडीवर रंगातला फरक कळत नाही. आधी लांबून बघ, बाजूने तिरकं, पत्र्यावर पडलेलं प्रतिबिंब कुठे थरथरतं का. बोनेट आणि फेंडरमधली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी आहे का, एकीकडे करंगळीचं टोक जातंय आणि दुसरीकडे नखही जात नाही असं नको. मग बोनेट उघडून आतल्या पत्र्याच्या कडा बघ, कंपनीचं स्पॉट वेल्डिंग म्हणजे ठरावीक अंतरावर छोटे गोल खळगे असतात, ओळीत. ते एका बाजूला असतील आणि दुसऱ्या बाजूला सलग वेल्डिंग किंवा बोटाने फासल्यासारखं सीलंट असेल तर तिथे काम झालंय. रंगाची जाडी मोजायचं छोटं मीटर मिळतं, कोणाकडून तरी घे. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, परत रंगवला की 200-300 च्या वर जातो, आणि आकडा 500, 1000 असा उडाला की समज आत पुट्टी भरलीय. (ॲल्युमिनियमच्या पत्र्याला साधं मीटर चालत नाही आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तर नाहीच, तेव्हा तिथे आकडा आला नाही म्हणून गोंधळू नकोस.) फेंडरवर जास्त आकडा आला तर मला चालेल. पिलरवर, छतावर आला तर तिथेच थांब, पुढचं बघूच नकोस.

आणि एअरबॅग. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. समोरून लागली म्हणतोय तर एअरबॅग उघडल्या होत्या का, हे त्याला स्पष्ट विचार. एअरबॅग धडकेनंतर 30 मिलिसेकंदांच्या आसपास फुगते, पापणी लवायच्या आत, आणि एकदा फुगली की ती गेली, नवीनच लावावी लागते, शिवाय तिचं कंट्रोल युनिट आणि सीटबेल्टमधले बेल्ट खेचून धरणारे प्रीटेन्शनरसुद्धा. हे सगळं महाग पडतं म्हणून काही लोक काय करतात, नुसतं कव्हर नवीन लावतात, आत काहीच नाही! नाहीतर एअरबॅगच्या जागी एक छोटा रेझिस्टर जोडून गाडीच्या कॉम्प्युटरला फसवतात, म्हणजे लाइट लागत नाही. तू चावी फिरवलीस की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो विझलेला दिवा चांगली खूण नाही, कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघ, शेवटपर्यंत, आणि त्याच्या लेबलवरची तारीख बघ, गाडीपेक्षा बरीच नवीन असेल तर बेल्ट बदललाय, म्हणजे धडक मोठी होती. त्यातल्या त्यात बदलला हे बरं, पण मग "थोडीशी लागली" हे खोटं. काचांच्या कोपऱ्यातही छोटे कोड असतात, सगळ्या काचा साधारण एकाच कंपनीच्या आणि एकाच काळातल्या निघायला हव्यात.

तू जी गाडी बघतेयस तिच्यात पुढची गाडी जवळ आली की आपोआप ब्रेक लागायची सोय आहे असं तूच सांगितलंस. त्याचा रडार बहुतेक पुढच्या बंपर-ग्रिलच्या आत असतो आणि कॅमेरा वर काचेला. पुढून लागलेल्या गाडीत तो काढून परत लावला असेल तर कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची दिशा परत नेमकी जुळवावी लागते, नाहीतर त्याची नजर तिरळी. त्याचं बिल माग. नसेल तर त्या फीचरच्या भरवशावर गाडी घेऊ नकोस.

चालवून बघताना गाणी बंद, एसी बंद, आणि विकणाऱ्याला म्हणावं जरा गप्प बस. सरळ सपाट रस्त्यावर स्टिअरिंग मधोमध आहे का, हात सैल सोडल्यावर कुठे ओढते का, जोरात ब्रेक दाबल्यावर एका बाजूला जाते का. तुझ्या मैत्रिणीला दुसऱ्या गाडीतून मागे यायला सांग, तिला मागून दिसेल की गाडी खेकड्यासारखी तिरकी तर चालत नाही ना, मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत नसली की तसं होतं आणि आत बसलेल्याला ते कळतच नाही.

आता कागद. सर्व्हिस हिस्टरी आणि विम्याच्या क्लेमचा तपशील माग, दुरुस्तीचं बिल माग, कामाच्या आधीचे फोटो माग. आधीचे फोटो फार महत्त्वाचे, कारण बॉडीशॉप आणि विमावाले फोटो काढतातच, त्यामुळे कोणाकडेच नाहीत असं सहसा होत नाही. बिलात हेडलाइट, फेंडर, बंपर, रेडिएटर एवढंच असेल तर ठीक. त्यात रेल, क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी पट्टी), टॉवर, एअरबॅग यातलं काही दिसलं, किंवा गाडी कधी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, ठरवली गेली होती असं निघालं, तर माझ्याकडून सरळ नाही, कितीही स्वस्त देत असला तरी. आणि स्वस्त देतोय तो का देतोय हे विसरू नकोस, तू विकायला जाशील तेव्हा तुलाही तेवढंच कमी मिळणार, तेव्हा ती बचत वगैरे काही नसते, उसने घेतलेले पैसे असतात ते.

बाबा म्हणतायत मी तुला घाबरवतेय. तसं नाही गं. खरं सांगू तर मला वाटतंय ही गाडी कदाचित बरी निघेल, डाव्या कोपऱ्यात लागलेली असेल आणि आत काही गेलं नसेल. उजवीकडचं सगळं जुनं आणि अस्सल दिसतंय, बोनेटच्या आतलं स्टिकरही मूळचं दिसतंय. पण मी बोनेटच्या फोटोवरून बोलतेय, आणि त्या माणसाने खालून एकही फोटो काढलेला नाही. सगळे वरचे, पॉलिश केलेले.

म्हणून असं कर, त्याला म्हण मी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर घेऊन बघणार, खर्च माझा. त्याच्या ओळखीच्याकडे नको. हो म्हणाला तर शनिवारी जा, मला व्हिडिओ कॉल लाव, आणि फोन मेकॅनिकच्या हातात दे, तू दाखवायला लागलीस की मला नुसतं छत दिसतं. पुढच्या डाव्या चाकाच्या मागे, रेलवर, बॅटरीच्या उजेडात सावकाश फिरव म्हणावं.

नाही म्हणाला तर मला सांगायचीही गरज नाही, दुसरी बघायला लाग.

तुझी,
आई

ता. क. : कार्पेट उचलून हात लावून बघ. ओलं लागलं तर बाटली सांडली असेल असं समजू नकोस.