मंडळीची साक्ष आणि तुमचा वाटा

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बाबा, गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून आपल्या हातून प्रभूचे काही काम होत नाही, उपासनेला जाऊन बाकावर बसून यायचे एवढेच उरले आहे, असे तुम्ही मागच्या पत्रात लिहिले होते. आईनेही खाली तशाच अर्थाचे एक वाक्य जोडले होते. त्यावर मी पुष्कळ विचार केला. तुमचे म्हणणे मला पटलेले नाही, हे आदर राखून पण स्पष्टपणे लिहिते.

मिशन म्हटले की घरदार सोडून दूर गेलेले सेवक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. त्यांच्या कामाचे मोल मोठेच आहे. परंतु अंत्युखियात ग्रीक लोकांना प्रथम सुवार्ता सांगणारे कुप्र आणि कुरेने येथील जे विश्वासणारे होते, त्यांची नावेसुद्धा बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नोंदलेली नाहीत. शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव त्याच नगरात मिळाले आणि पुढे बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांना उपास व प्रार्थना करून ज्या मंडळीने, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाने, सुवार्तेसाठी पाठवले, ती हीच मंडळी. पाठवणारी मंडळी आधी उभी राहिली, ती नाव नसलेल्या माणसांमुळे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे पती-पत्नी तर तंबू करून पोट भरत. त्यांच्या घरी मंडळी जमत असे आणि अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला आपल्याकडे नेऊन त्यांनी देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला.

सन १५५ च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांची बाजू मांडली. त्यांच्यावर नाना आरोप होत असताना, हे लोक नेमके करतात तरी काय, याचे उत्तर देणे भाग होते. जस्टिन यांनी शिकवणीचे विवेचन तर केलेच, पण शेवटाकडे येताना रविवारच्या सभेचे साधे वर्णनही केले. शास्त्राचे वाचन होते, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्या घरी पोहोचवतात. ज्यांना शक्य आहे ते स्वखुशीने जे देतात, ते सभेच्या प्रमुखाकडे जमा होते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावाहून आलेले पाहुणे यांची काळजी घेतली जाते. सम्राटापुढे ठेवण्याजोगी गोष्ट म्हणून त्यांनी गैरहजर माणसाच्या दारात गेलेला भाकरीचा तुकडा मांडला, हे मला फार मोलाचे वाटते.

याच्या उलटही घडत असे. करिंथ येथे प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. त्यावर, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, असे पौलाने विचारले. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायाशी बसायला सांगणे, हा याकोबाने आपल्या पत्रात दाखवलेला दोष तर आजही कोणत्याही मंडळीत शिरू शकतो. व्यासपीठावरून कितीही उत्तम उपदेश होवो, मागच्या बाकावर नवख्या माणसाला जे दिसते, त्यावरून तो ख्रिस्ताची ओळख ठरवतो. लेस्ली न्यूबिगिन १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले आणि पुढे दक्षिण भारतीय मंडळीचे बिशप झाले. सुवार्तेवर विश्वास ठेवणारी आणि ती जगणारी स्थानिक मंडळी हाच सुवार्तेचा अर्थ उलगडून दाखवणारा मार्ग आहे, असे ते सांगत.

बाबा, नवखा माणूस गीताचा क्रमांक शोधताना गोंधळला की तुम्ही आपल्या जागेवरून सरकून त्याच्या शेजारी बसत असा आणि आपलेच पुस्तक दोघांच्या मध्ये धरत असा. तो कोण, कुठला, हे तुम्ही उपासना संपेपर्यंत विचारत नसा. आई, बाकावरची एखादी नेहमीची जागा रिकामी दिसली की तुझे लक्ष तिकडे जाई आणि त्याच संध्याकाळी तू चौकशीला निघत असस. मी विश्वास शिकले तो बराचसा यातून.

तुमच्या त्या वागण्यात कसलाही आडपडदा नव्हता, हे मुद्दाम लिहिते. मदतीच्या मोबदल्यात कोणी विश्वास ठेवावा, असा हिशेब मनात असेल तर ते प्रेम राहत नाही, आणि समोरच्याला ते लगेच कळते. तुमच्या आशेचे कारण कोणी विचारले तर सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असे पेत्राने लिहिले आहे. विचारण्याजोगे आयुष्य जगण्यासाठी गुडघे धड असावेच लागतात असे नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. आजारपणामुळे उपासनेला येऊ न शकणाऱ्यांची नावे पाळकसाहेबांकडून मागून घ्या. आईने त्यांना फोन करावा, कारण समोरचा बोलत असताना मध्ये न बोलता ऐकण्याची तिला सवय आहे. बाबा, तुमचे अक्षर अजून चांगले आहे; ज्यांना ऐकू कमी येते त्यांना तुम्ही चार ओळी लिहा, आणि ते पत्र नेऊन देण्याचे काम तरुण संघातल्या मुलांना सांगा, म्हणजे त्या घरांचे दार त्यांनाही माहीत होईल. पहिली काही नावे मला पुढच्या पत्रात कळवा, म्हणजे इथे आमच्या प्रार्थनासभेतही त्यांच्यासाठी प्रार्थना करता येईल.

तुमची,
मुलगी